टाकी रोडची कच्ची शिलाई

मंदाताईंच्या तोंडात कायम टाचण्या असायच्या. चार, कधी सहा, ओठांच्या डाव्या कोपऱ्यात ओळीनं धरलेल्या. त्या तशाच ठेवून त्या बोलायच्या, हसायच्या, समोरच्या दुकानदाराशी भांडायच्या आणि एकदा तर, मी या डोळ्यांनी पाहिलंय, चहासुद्धा प्यायल्या. ओळख झाल्यावर पहिले आठ दिवस मला त्यांचं निम्मं बोलणं कळायचंच नाही. नुसती मान हलवायचो. त्यांनी टाचण्या तोंडातून काढून तळहातावर घेतल्या की काहीतरी मोठं होणार, हे टाकी रोडवर सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्यासमोर असं दोनदाच झालं, आणि त्या दोन्ही वेळांबद्दल सांगायचंय म्हणूनच हे लिहायला बसलोय.

मी साताऱ्याकडचा. रस्त्यांचे, बाजारांचे नकाशे करणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून इंदुरात आलो. खजरान्याच्या पलीकडं, शहर जिथं संपत आल्यासारखं वाटतं तिथं हा टाकी रोड. एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला चौक. एका बाजूला कॉलन्या, दुसऱ्या बाजूला दुकानांची लांबच लांब रांग. कधीकाळी तिथं संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसायची म्हणे. मी आलो तेव्हा निम्मी शटर खाली होती. लोक मॉलमध्ये जायचे, नाहीतर सगळं घरपोच मागवायचे, आणि दुकानांसमोर दिवसभर नुसत्या गाड्या उभ्या असायच्या. हा बाजार पुन्हा उभा करायचा नकाशा आमच्या कंपनीकडं होता आणि कंपनीत तो माझ्या गळ्यात पडला होता.

पहिल्या दिवशी मी भर उन्हात, हातात माणसं मोजायचं यंत्र घेऊन रस्त्याच्या कडेला उभा होतो. कोणी गेलं की बटण दाबायचं. मागून आवाज आला, "ओ भिया! नंतर मोजा. आधी पँट बघा तुमची. मागून उसवलीय पूर्ण!"

मी हात मागं नेला. खरंच होतं! सकाळपासून अर्धा टाकी रोड मी मोजत होतो आणि अर्धा टाकी रोड मला बघत होता.

असा मी मंदाताईंच्या दुकानात शिरलो. फॉल, पिको, इंटरलॉक, ब्लाउज. आत पडद्यामागं टॉवेल गुंडाळून मी बसलो आणि बाहेर ओट्यावर त्यांचं मशीन माझी पँट शिवत होतं. त्या अर्ध्या तासात त्या टाचण्यांमधून बोलत राहिल्या आणि निम्मंच कळलं तरी मला रस्त्याची सगळी कुंडली मिळाली. कुठलं दुकान का बंद झालं, कुणाची सून कुणाशी बोलत नाही, संध्याकाळी कॉलनीच्या बायका रस्ता ओलांडायला का घाबरतात. पँट पडद्यावरून आत फेकत त्यांनी विचारलं, "तुम्ही काय मोजून राहिले सकाळपासून?"

"माणसं."

"मोजून काय होणार? विचारलं का कोणाला काही?"

मी म्हणालो, विचारणार आहे, फॉर्म आहे. फॉर्म दाखवला. बेचाळीस प्रश्न होते. ताईंनी तो उलटसुलट केला, डोळ्यांपासून लांब धरला, आणि म्हणाल्या, "ऐसा है नक्शेवाले, मी ट्रायलला दोनच प्रश्न विचारते. कुठं टोचतं? कुठं ढिलं आहे? बस. तिसरा प्रश्न विचारला की बाई खोटं बोलायला लागते."

तेव्हापासून मी टाकी रोडवर नक्शेवाले भिया, म्हणजे नकाशावाले भाऊ, झालो. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

मंदाताई मूळच्या जुनी इंदूर भागातल्या. वडील रेल्वेत कारकून होते. लग्न होऊन इकडं आल्या तेव्हा कॉलनीत मोजून सात घरं होती आणि रस्ता कच्चा होता. अंगानं किरकोळ, गळ्यात पिवळी टेप, केसांत एखादा दोरा हमखास अडकलेला. महाराष्ट्रातून आलेल्यांचं मराठी ऐकून त्यांना हसू यायचं. "तुम्ही लोकं असं बोलता ना, जसं आत्ता भाषण सुरू होणार आहे." त्यांच्या मराठीत दुकान 'ती' असायची, रस्ता 'सडक' असायची आणि रागावल्या की सगळंच हिंदीत व्हायचं.

त्या माणसं मापानं ओळखायच्या. "लेले आजी माहीत आहेत ना? बत्तीस, डावा खांदा उतरता." "ती बँकेतली? बाही लांब लागते, स्वभाव आखूड." कॉलनीतल्या तमाम बायकांची मापं त्यांच्या डोक्यात. मी विचारलं, माझं माप काय? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचं अजून घेतलं नाही. तुम्ही एका जागी उभे कुठं राहता!"

आणि एक गोष्ट त्या मरेपर्यंत सोडणार नाहीत. कच्च्या शिलाईशिवाय त्यांनी कधी कुणाला ब्लाउज दिला नाही. लग्न परवावर आलंय, गाडी खाली उभी आहे, काहीही असो. आधी लांब लांब टाके घालून ब्लाउज नुसता जोडायचा, अंगावर घालून बघायचा, हात वर करायला लावायचं, खाली वाकायला लावायचं, मग उसवायचा आणि मग पक्का. कच्च्या शिलाईचा दोरा मुद्दाम भडक. लाल ब्लाउजला हिरवा, हिरव्याला गुलाबी. घाईवाल्या गिऱ्हाइकाला त्या सरळ परत पाठवायच्या. "जा बाई, रेडिमेड घे. मी अंगाचं शिवते, हँगरचं नाही."

मशीन असायचं बाहेर, ओट्यावर. तिथंच एक लांब बाक, त्यावर कायम दोन-तीन बायका टेकलेल्या. मी एकदा विचारलं, आत का नाही बसत? तर म्हणाल्या, "आत फक्त पंखा आहे. माझी दुकान म्हणजे हा ओटा. बायका इथं बसतात म्हणून येतात. बसायला नाही मिळालं तर फॉल कुठंही लागतो."

आता आमच्या नकाशाची भानगड सांगतो. नकाशात टाकी रोडच्या मधोमध, टाकीपासून चौकापर्यंत, एकसलग दुभाजक होता. त्यावर कमरेएवढी लोखंडी जाळी आणि खजुराची झाडं. ओलांडायची जागा दोन्ही टोकांना. कागदावर इतकं देखणं दिसायचं! मी स्वतः काढलेला, म्हणून मला जरा जास्तच आवडायचा. रहिवाशांचं म्हणणं जोडून पंधरा दिवसांत तो पुढं द्यायचा होता. म्हणून मी कॉलनीच्या हॉलमध्ये सभा ठेवली. पत्रकं वाटली, खुर्च्या मांडल्या, कचोरी सांगितली.

पाच माणसं आली. त्यातली दोन शेजारच्या बारशाला आलेली आणि हॉल चुकलेली. त्यांनी कचोरी खाल्ली आणि बाळाचं नाव काय ठेवलं म्हणून मलाच विचारलं.

दुसऱ्या दिवशी नकाशाची गुंडाळी घेऊन मी ओट्यावर तोंड पाडून बसलो. ताईंनी नकाशा मशीनवर पसरला, त्यावर बोट फिरवलं, आपली दुकान शोधली, समोरची कॉलनी शोधली आणि मधली जाड रेघ बघून थांबल्या.

"हे काय?"

"दुभाजक. डिव्हायडर."

"आणि ह्या कॉलनीच्या बायकांनी माझ्याकडं यायचं कसं?"

"चौकातून वळसा घालून."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की माझी दुसरी पँटही उसवलीय की काय असं वाटलं. "नक्शेवाले, हा तर तुम्ही ब्लाउज मधून शिवून टाकला! हात कुठून घालायचे?" मग आवाज एकदम खाली आला. "मी घाबरवत नाही तुम्हाला. पण हे झालं ना, तर दोन महिन्यांत मी शटर पाडीन. मी काय, ही सगळी लाइनच पाडेल. चौकातून वळसा घालून कोण येतं फॉल लावायला?"

मला राग आला. खरं सांगायचं तर त्या बरोबर आहेत हे कळलं, म्हणून राग आला. मी म्हणालो, "मग सांगा लोकांना हॉलमध्ये यायला! कोणी येत नाही, बोलत नाही, मग आम्ही काय करायचं?"

"हॉलमध्ये कशाला येतील? ब्लाउज कसा झाला ते हॉलमध्ये बसून कळतं का? घालून बघावं लागतं." आणि मशीनचं चाक फिरवता फिरवता थांबून म्हणाल्या, "सडकेची ट्रायल घेऊ. आधी कच्चं."

हे इतकं साधं होतं की मला आधी हसू आलं आणि मग रात्री झोप लागेना. नकाशात जे जे आहे ते सगळं खऱ्या रस्त्यावर आखायचं, एक सकाळ लोकांना त्यावर चालू द्यायचं, आणि कुठं टोचतं ते विचारायचं! धावपळ करून मी रविवारी सकाळचे तीन तास वाहतूक वळवायची परवानगी आणली. आखायचं काम ताईंनी कॉलनीच्या बायकांकडं दिलं. आखायला काय? घरात होती ती रांगोळी.

इथं आमची जी फजिती झाली ती दुसऱ्या कुठल्या गावात झाली नसती.

भल्या पहाटे तीस-चाळीस बायका रस्त्यावर उतरल्या. फूटपाथच्या दोन रेघा, दुभाजकाची एक आणि ओलांडायचे पट्टे, एवढंच काढायचं होतं. पहिल्या दहा मिनिटांत रेघा झाल्या. मग कुणीतरी रेघेला वेल जोडली. समोरच्या गल्लीनं ते पाहिलं आणि कमळं काढली. मग तिसऱ्या गल्लीला राहवेना. सात वाजेपर्यंत टाकी रोडवर दिवाळी! मी आनंदानं वेडा झालो, फोटो काढत सुटलो. आठ वाजता लोक आले, आणि एकजात सगळे फूटपाथ सोडून रस्त्याच्या मधून चालायला लागले.

रांगोळीवर पाय कोण देणार? दूधवाल्यानं सायकल उचलून पट्ट्यापलीकडं नेली. लेले आजी ओलांडायच्या पट्ट्याशी आल्या, चपला काढल्या, नमस्कार केला आणि तिथंच उभ्या राहिल्या. मी म्हणालो, आजी, चाला ना यावरून, त्यासाठीच काढलंय! आजी म्हणाल्या, "शहाणा आहेस की नाही? एवढी सुंदर काढलीय पोरींनी." तीन तासांत आमच्या फूटपाथवरून नीट, सरळ रेघेत, टाकीपासून चौकापर्यंत एकच जण चालत गेला, आणि तो कुत्रा होता. माझ्या यंत्रावर कुत्र्यासाठी बटण नव्हतं.

माझा चेहरा रडवेला झाला होता. आठ दिवस गेले होते, एकच रविवार हातात राहिला होता. ओट्याकडं पाहिलं तर मंदाताईंनी टाचण्या तोंडातून काढून तळहातावर घेतल्या होत्या, आणि त्या हसत होत्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेजारच्या बायकांना वाटलं की ताईंना काही झालं.

"चूक माझी आहे, माझी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तीस साल झाले शिवून राहिली आणि एवढं विसरली! कच्ची शिलाई भद्दी असावी लागते हो. सुंदर झाली की कोणी उसवू देत नाही!"

त्याच दुपारपासून त्या कामाला लागल्या. शिवलेले कपडे द्यायच्या निमित्तानं घरोघर गेल्या आणि प्रत्येक घरातून एक जुनी साडी मागितली. विटलेली, फाटलेली, भांडीवालीला द्यायला काढलेली. साडी घेताना तेच दोन प्रश्न. सडकेवर कुठं टोचतं? कुठं ढिलं आहे? उत्तर चिठ्ठीवर लिहायचं आणि टाचणीनं त्या साडीलाच लावायचं. ताई लिहायला बसायच्या नाहीत, ज्याचं त्यानं लिहायचं. बायकांचं बघून पुरुष यायला लागले. "एक चिठ्ठी मैं भी लगा दूँ क्या?" मंगळवारी दुकानात साड्यांचा ढीग मशीनच्या वर गेला. गुरुवारी टाचण्यांचे डबे संपले, आणि मी, इंजिनिअरिंग शिकलेला माणूस, स्कूटर घेऊन इंदूरभर टाचण्या शोधत फिरलो. इतका आनंद मला पदवी घेताना झाला नव्हता.

दुसऱ्या रविवारी, पुन्हा तीन तासांची परवानगी काढून, टाकी रोडवर खुर्च्यांना, खांबांना, झाडांना बांधून साड्या ताणल्या. जिच्या घरासमोर जी रेघ, तिथं तिची साडी. फूटपाथ साड्यांचा, ओलांडायच्या जागा साड्यांच्या, आणि मधोमध, माझ्या नकाशाबरहुकूम, टाकीपासून चौकापर्यंत साड्यांचा दुभाजक. कुठलाच रंग कुठल्या रंगाशी जुळत नव्हता. इतका कुरूप रस्ता मी जन्मात पाहिला नव्हता. आणि लोक त्यावरून धाडधाड चालत होते!

काय गर्दी झाली त्या दिवशी! "ही माझ्या माहेरची साडी, बघ बघ!" "अहो, इथं खुर्ची अजून आत घ्या, स्कूटर कशी वळणार?" जाता-येता लोक चिठ्ठ्या वाचत होते आणि नव्या लावत होते. 'इथे अंधार असतो.' 'यहाँ बैठने को कुछ नहीं है.' 'पोहेवाल्याला हलवू नका, बाकी काहीही करा.' आणि मधल्या साड्यांच्या दोन्ही बाजूंनी आरडाओरडा. लेले आजींना समोर औषधाच्या दुकानात जायचं होतं. दुकान तीस पावलांवर दिसत होतं. आजी चौकाकडं निघाल्या, वीसेक पावलं गेल्या, वळल्या, परत आल्या आणि मधल्या साडीला एक चिठ्ठी लावली: 'मी इथेच मरेन.'

आमचे सक्सेना सर साडेनऊला आले. कंपनीचे मोठे साहेब, नकाशावर सही त्यांची. गाडी कॉलनीच्या बाजूला लावली आणि नेमका पोह्यांचा वास समोरून आला. जीरावन मसाला भुरभुरलेले गरम पोहे, मधे साडी. साहेबांनी साडी उचलून खालून जायला डोकं वाकवलं. मंदाताई टाचण्यांमधून ओरडल्या, "नहीं साहब! लोहे की जाली है वो! घूम के आओ!" साहेब हसले. ताई हसल्या नाहीत. सगळा रस्ता बघत होता. साहेब निमूट चौकापर्यंत चालत गेले आणि वळसा घालून घामाघूम होऊन आले, तोवर पोहे संपले होते. दुसरी कढई लागेपर्यंत ते तिथं उभं राहून चिठ्ठ्या वाचत होते. मग मला म्हणाले, "ये डिव्हायडर किसने डाला था?" मी म्हणालो, मी सर. "निकालो," म्हणाले.

मी मोठ्यानं ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. लोकांनी मधल्या साड्या सोडायला सुरुवात केली, दोन्हीकडच्या बायका एकमेकींकडं धावल्या, जशा काही वर्षांनी भेटत होत्या.

इथं गोष्ट संपली असती तर मी मंदाताईंना हुशार बाई म्हणून लक्षात ठेवलं असतं.

फूटपाथची रेघ अजून बाकी होती. दुकानांपुढून सरळ रेघ हवी तर ज्यांचे ओटे, पायऱ्या पुढं आलेल्या, त्यांनी मागं घ्यायला हव्यात. ताई सकाळपासून टेप घेऊन एकेकाचं सांगत होत्या, तुझं एवढं, तुझं तेवढं. हार्डवेअरवाले गुप्ताजी आपल्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसले होते. गोल, गोरे, आवाज चौकापर्यंत जाणारा. त्यांच्या पायऱ्यांना टेप लागली तसे ते उठले.

"मंदाजी! सबका नाप रही हो सुबह से। पहले अपना तो नापो!"

सगळ्यांच्या माना ताईंच्या दुकानाकडं वळल्या. आणि तेव्हा मला दिसलं, इतका वेळ कुणालाच दिसलं नव्हतं. सगळ्या दुकानांपुढं साड्या होत्या. मंदाताईंच्या दुकानापुढं नव्हती.

लपवाछपवी नव्हती ती. मी शपथेवर सांगतो, त्यांच्या मनातच नव्हतं. इतकी वर्षं त्या आपल्या ओट्यावर बसून रस्ता बघत होत्या आणि तिथं बसून बाकी सगळ्यांचे ओटे पुढं दिसायचे. त्यांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही मापलं. रस्त्यावरचा सगळ्यात पुढं आलेला ओटा मंदाताईंचाच होता. रेघ सरळ धरली तर मशीन, बाक, बायकांची बसायची जागा, सगळं जात होतं. उरत होता तो आतला पंखा.

मी हळूच म्हणालो, "ताई, इथं रेघ थोडी वळवता येईल. नकाशा माझ्याच हातात आहे. कुणाला कळणार नाही."

त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या. तळहातावर घेऊन बघत राहिल्या. मला वाटत होतं त्यांनी हो म्हणावं.

"वळवली तर पूर्ण सडकेला झोळ येईल, नक्शेवाले," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा हातात हिरवी साडी होती, जांभळ्या काठाची. जुनी नव्हती, निदान फाटकी तरी नव्हती. शेजारच्या बाईनं तोंडावर हात नेला. दुकानाच्या मुहूर्ताला नेसलेली साडी होती ती. ताईंनी तिचं एक टोक शेजारच्या खांबाला बांधलं, ओट्याच्या आतून, मशीनच्या मागून नेली, आणि दुसरं टोक धरून उभ्या राहिल्या. बांधायला तिकडं खांब नव्हता. तिकडं गुप्ताजींच्या पायऱ्या होत्या.

"पकडो," त्या म्हणाल्या.

गुप्ताजींनी ताईंकडं पाहिलं, साडीकडं पाहिलं, स्वतःच्या पायऱ्यांकडं पाहिलं. मग ते पायऱ्या उतरून खाली आले, साडीचं टोक घेतलं आणि ताणून सरळ धरलं. ते ज्या जागी उभे होते तिथून त्यांच्या तिन्ही पायऱ्या रेघेच्या बाहेर गेल्या होत्या. "लाइन तो सीधी ही अच्छी लगती है," ते कुणाकडं न बघता म्हणाले. मग किराणावाला उठला, मग सलूनवाला, मग औषधाचं दुकान. एकेक जण येऊन आपापली साडी मागं घेत गेला, टाकीपर्यंत. लोक टाळ्या वाजवत होते. मी रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

ओटा चार महिन्यांनी निघाला. पहिली पहार ताईंनी स्वतः मारली आणि मग पाठ फिरवून दिवसभर समोरच्या कॉलनीत जाऊन बसल्या. "दुखतं हो," मला म्हणाल्या. "मोठेपणा वगैरे काही नाही. दुखतं." त्या आठवड्यात त्यांनी माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं आणि मला ते बरोबरच वाटलं.

पण रस्ता झाला! ओलांडायला पाच जागा, कडुलिंबांखाली बसायला कट्टे, दिवे, आणि पोहेवाला जागच्या जागी. पहिल्याच संध्याकाळी मी यंत्र घेऊन मोजायला उभा राहिलो आणि थोड्या वेळानं ते खिशात टाकलं, बटण दाबून बोट दुखायला लागलं होतं. बंद शटर एकेक करून वर गेली. आणि मंदाताईंच्या पंख्याखाली मशीन बसलं, पण बायका? त्या दुकानापुढच्या कडुलिंबाच्या कट्ट्यावर, पूर्वी तीन बसायच्या तिथं आता बारा. ताई आतून ओरडून कपडे मागायच्या आणि बाहेरून बारा जणी एकदम उत्तर द्यायच्या. लेले आजी दिवसातून तीनदा औषधाच्या दुकानात जायला लागल्या, औषध लागो न लागो.

पुढच्या वर्षी कंपनीनं मला भोपाळच्या कामावर पाठवलं. निघायच्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला गेलो तर दुकान बंद. असं कधी व्हायचं नाही. कट्ट्यावरच्या बायका म्हणाल्या, गेल्या कुठंतरी, गुप्ताजींच्या गाडीवर. मी खट्टू झालो. एवढं सगळं झालं आणि भेट नाही? चिडून बसमध्ये बसलो.

बस बायपासकडं वळायच्या आधी दुसऱ्या एका उपनगराच्या रस्त्यावर अडली. तसलाच लांब, तसलाच बंद शटरांचा, दोन्ही कडांना गाड्याच गाड्या. पुढं गर्दी होती. ड्रायव्हर वैतागला, कंडक्टर खाली उतरला. मी खिडकीतून मान काढली.

रस्त्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. कुणाकुणाच्या साड्या घेऊन बायका उभ्या होत्या, पुरुष लांबून बघत होते, अजून हसत होते. मधे मंदाताई, गळ्यात पिवळी टेप, केसांत दोरा. हातात हिरव्या साडीचं टोक, जांभळ्या काठाची तीच साडी, आता उन्हानं विटलेली. दुसरं टोक लांबवर गुप्ताजींच्या हातात, आणि ते घामानं निथळत, कमरेत वाकून रेघ बघत होते.

मी जीव खाऊन ओरडलो, "ताई! ओ मंदाताई!"

त्यांनी वळून पाहिलं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, खिडकीतून जेवढा दिसत होतो तेवढा. हात हलवायला हात मोकळा नव्हता. तोंडात सहाच्या सहा टाचण्या होत्या, तरी मला शब्द न् शब्द कळला.

"नक्शेवाले! उतरा खाली! हे टोक धरा!"

मी बॅग उचलली आणि उतरलो.